पाण्याच्या माहेरी : कोपरगावहून घाटघरकडे

वाचकहो, एकोणऐंशी वर्षांच्या वडिलांना गाडीत बसवून सह्याद्रीतल्या कच्च्या वाटेने न्यावे की नेऊ नये, या प्रश्नावर गेल्या कार्तिकात आमच्या घरी जवळजवळ तीन आठवडे चर्चा चालली होती. धाकटा भाऊ ठामपणे ‘नको’ म्हणत होता. माझा मुलगा गाडी चालवायला तयार होता, पण जबाबदारी घ्यायला कचरत होता. ज्यांच्याविषयी हे सारे बोलणे चाले ते नाना पडवीतल्या खाटेवर बसून वर्तमानपत्र वाचण्याचे निमित्त करीत असत. पान मात्र उलटत नसे.

असा प्रश्न आपल्याही घरात कधी ना कधी निघाला असेल किंवा निघेल. म्हणून आम्ही काय ठरवले, वाटेत काय चुकले आणि काय साधले, ते जसे घडले तसे सांगावे असे वाटले.

आधी नानांच्या हट्टाविषयी सांगते. कोपरगाव हे गोदावरीकाठचे, सपाटीवरचे, उसाचे गाव. बेटातले शुक्राचार्यांचे मंदिर आणि राघोबादादांचा वाडा या इथल्या जुन्या खुणा. राघोबादादांचा अखेरचा काळ येथेच गेला आणि १७८३ साली त्यांचे निधनही येथेच झाले. पण या गावाच्या पोटापाण्याचा इतिहास लिहायचा तर तो कालव्यांचा इतिहास ठरेल. येथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेवढ्यावर ऊस उभा राहत नाही. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापासून गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात, त्यांनी हा मुलूख हिरवा केला. नानांनी त्या कालव्यांवर तेहतीस वर्षे नोकरी केली. आवर्तन सुटले की रात्री-अपरात्री सायकल काढायची, चाऱ्यांची दारे तपासायची, पुच्छभागातल्या शेतकऱ्याला त्याची पाळी मिळाली की नाही ते पाहायचे, यात त्यांचे आयुष्य गेले.

‘दारणेतून पाणी सुटले’ हा निरोप त्यांनी शेकडो वेळा ऐकला. ती दारणा ज्या डोंगरात जन्म घेते तो डोंगर मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. नोकरीत सवड मिळाली नाही. निवृत्तीनंतर आईचे आजारपण आले, आणि दोन वर्षांपूर्वी आई गेल्यावर नानांनी घराबाहेर पडणेच जवळजवळ सोडले. कोणी कुठे चला म्हटले की ‘कशाला आता?’ एवढेच उत्तर येई. असा माणूस एका संध्याकाळी आपणहून म्हणाला, ‘ताई, एकदा कुलंगचा डोंगर पाहायचा आहे.’ आता नकार आपल्या बाजूने जाऊ नये, असे मला त्या क्षणी वाटले.

निघण्यापूर्वी

नानांना रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू आहेत. त्यांपैकी एक लघवीवाटे पाणी बाहेर टाकणारी आहे. हाडांची घनता तपासली तेव्हा अस्थी ठिसूळ होत चालल्याचे निष्पन्न झाले होते. मधुमेह नाही, हृदयविकार नाही, गुडघे मात्र कुरकुरतात. ही सारी माहिती घेऊन आम्ही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सरळ ‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ असे म्हटले नाही. वाट कशी आहे, गाडी कोणती आहे, एका दिवसात किती अंतर कापणार, मुक्काम कोठे, असे प्रश्न विचारले.

त्यांनी समजावलेली एक गोष्ट आपणही लक्षात ठेवावी. ठिसूळ अस्थी असलेल्या माणसाला खडबडीत वाटेवर मोठी भीती पाठीच्या मणक्यांची असते. गाडी खड्ड्यात आदळली की धक्का बैठकीतून सरळ वर कण्यात जातो, आणि कमकुवत मणका त्या एका धक्क्यानेही दबू शकतो. गाडीची मागची बैठक मागच्या चाकांवर किंवा त्यांच्याही मागे असते, तेथे धक्का सर्वांत अधिक बसतो. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना मानाने मागे ऐसपैस बसवण्याची आपली पद्धत अशा वाटेवर घातक ठरते. त्यांची जागा पुढे, चालकाशेजारी. पुढे बसल्याने समोरचे दूरवरचे दिसते, त्यामुळे घाटाच्या वळणांवर मळमळही कमी होते. पट्टा बांधलेला हवा, कमरेच्या खोलगटात छोटी उशी हवी आणि बैठकीवर घट्ट फोमची गादी हवी. फार मऊ गादीत माणूस रुततो आणि उठताना पाठीवर ताण येतो.

उंचीची चिंता मात्र त्यांनी काढून टाकली. कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर १६४६ मीटरांचे आहे, आणि आमची वाट तर त्याच्या पायथ्यापायथ्याने जाणार होती. विरळ हवेचा त्रास साधारणपणे अडीच हजार मीटरांच्या वर सुरू होतो. लडाखमधले लेह साडेतीन हजार मीटरांवर आहे, तेथे वृद्धांना नेताना तो विचार निराळा करावा लागतो. सह्याद्रीत त्याची गरज नाही.

पाणी काढणाऱ्या गोळीविषयी मी मुद्दाम विचारले. प्रवासात सारखे थांबावे लागू नये म्हणून पुष्कळ घरांत ती गोळी परस्पर बंद केली जाते. डॉक्टरांनी तसे न करण्याची ताकीद दिली. नानांच्या बाबतीत त्यांनी तिची वेळ सकाळऐवजी मुक्कामी पोहोचल्यानंतरची करून दिली. प्रत्येकाची प्रकृती वेगळी, म्हणून हा बदल ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा.

सपाटीवरून चढणीकडे

एका दिवसात जाऊन येण्याचा मोह आम्ही टाळला आणि तीन दिवस ठरवले. एकूण वाट सुमारे तीनशे किलोमीटरांची. सकाळी सातला निघालो. बोलेरोची पायरी उंच असल्याने एक लाकडी पाट बरोबर घेतला होता. नाना आधी बैठकीवर पाठमोरे टेकत, मग दोन्ही पाय एकत्र आत घेत. एक पाय आत, एक बाहेर अशी कसरत वृद्धांना करायला लावू नये. कमरेला हिसका बसतो आणि तोलही जातो.

झगडे फाटा, तळेगाव दिघे, संगमनेर अशी वाट. तळेगावचा पट्टा वर्षानुवर्षे अवर्षणाचा म्हणून ओळखला गेला. निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचे पाणी २०२३ साली या बाजूला खेळू लागले. नानांनी खिडकीची काच खाली घेऊन कालव्याची खोदाई, भराव आणि उतार डोळ्यांनी मोजला. दोन वर्षांत मी त्यांना इतके बोलताना ऐकले नव्हते.

संगमनेरनंतर प्रवरेचे खोरे लागते आणि भूमीचा चेहरा बदलू लागतो. अकोल्यात अगस्ती ऋषींच्या आश्रमस्थानी उतरून दहा मिनिटे सावलीत पावले टाकली. दर तास-सव्वा तासाने उतरून थोडे चालायचेच, हा आमचा नियम होता. पाय लोंबकळत ठेवून चार-चार तास बसल्याने पायांवर सूज येते. क्वचित पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळीही होऊ शकते. उतरणे शक्य नसेल तेव्हा बसल्या जागी घोटे वर-खाली करावेत, चवडे गोल फिरवावेत.

राजूर सोडल्यावर डोंगर अंगावर येऊ लागतात. रंधा धबधब्याचा फाटा मागे टाकून दुपारी एकच्या सुमारास शेंडीला पोहोचलो. शेंडी हे भंडारदरा धरणाचे गाव. दगडी बांधणीचे हे धरण १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पूर्ण झाले. उंची सुमारे ८२ मीटर. दुपारची विश्रांती झाल्यावर नाना काठी टेकीत धरणासमोर उभे राहिले आणि म्हणाले, ‘हे प्रवरेचे. आपले दारणेचे, ते १९१६ चे. दोन्ही बहिणीच.’ डोंगर एकच, हे त्यांना म्हणायचे होते. कळसूबाई-कुलंगच्या या रांगेच्या दक्षिण अंगाचे पाणी प्रवरेत उतरते आणि उत्तर अंगाचे दारणेत. दोन्ही पाणी पुढे गोदावरीतच मिळते.

मुक्कामाची रात्र

आम्ही एका घरगुती निवासात उतरलो होतो. या भागात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. रात्री नाचणीची भाकरी, हुलग्याचे पिठले आणि हातसडीच्या तांदळाचा भात होता. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचे बियाणे जपले, त्यासाठी त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्या बियाण्यांचे मोल अशा ताटावर बसल्यावर अधिक कळते. नानांनी बेताने खाल्ले. प्रवासात वृद्धांनी रात्री लवकर आणि हलके जेवावे, नवे पदार्थ चवीपुरते घ्यावेत.

वाचकहो, डोंगरातल्या वाटेची भीती सर्वांना वाटते. वृद्धांचे पडणे मात्र रात्री खोलीतही होते, आणि अनोळखी खोलीत त्याची शक्यता वाढते. घरी अंधारातही भिंत कोठे, उंबरा कोठे, हे पायांना ठाऊक असते. येथे ते नसते. म्हणून उजेड असतानाच मी नानांना खाटेपासून न्हाणीपर्यंत दोनदा चालवून आणले. मधल्या वाटेतल्या बॅगा उचलल्या, उशाशी विजेरी ठेवली आणि आधाराला एक खुर्ची अर्ध्या वाटेवर ठेवली. उठल्याबरोबर चालू न लागता खाटेच्या कडेला मिनिटभर बसायचे, हे त्यांच्याकडून कबूल करून घेतले. कार्तिकाच्या शेवटी येथे रात्री चांगलीच थंडी पडते. कानटोपी आणि पायमोजे घातले, पण घसरू नयेत म्हणून तळाला रबरी ठिपके असलेले. रात्री ते दोनदा उठले, आणि दोन्ही वेळा मी जागी होते.

कच्ची वाट

दुसऱ्या दिवशी खरी वाट होती. जलाशयाला वळसा घालणारा हा फेरा शेंडीहून मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर आणि उडदावणे असा परत शेंडीला येतो. अंतर पंचेचाळीस किलोमीटरांच्या आतबाहेर, पण ते तासांत मोजावे लागते. घाटघरला कोपरगावच्या ढोबळमानाने दहापट पाऊस पडतो. एवढ्या पावसापुढे रस्ता टिकणे कठीण. कोठे डांबर, कोठे उघडी खडी, कोठे नुसती लाल माती आणि पाण्याने कोरलेल्या घळी, असे हे चालते. हा सारा प्रदेश १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. त्यामुळे वाटेत दुकान-दवाखाना यांची अपेक्षा ठेवू नये. मोबाइलला बहुतेक ठिकाणी संपर्क मिळत नाही. आम्ही किती वाजेपर्यंत परतू, हे निवासाच्या यजमानांना सांगून निघालो होतो. औषधांची यादी नानांच्या खिशात होती. सर्वांत जवळचे ग्रामीण रुग्णालय राजूरला, हे डोक्यात होते.

गाडी हाकण्याविषयी माझ्या मुलाने पाळलेल्या गोष्टी सांगते, कारण चालकाच्या हातात वृद्धांचा कणा असतो. ताशी दहा-पंधरा किलोमीटरांच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. खड्डा दिसला की ब्रेक खड्ड्याच्या आधी लावायचा आणि चाक खड्ड्यात उतरताना सोडून द्यायचा. ब्रेक दाबलेला राहिला तर गाडीचे नाक खाली झुकते आणि धक्का दुप्पट जाणवतो. उतारावर खालच्या गियरमध्ये यायचे. मोठा हादरा येणार असे दिसले की आधी ‘नाना, धरा’ म्हणायचे. माणूस सावध असला की स्नायू धक्का झेलतात. बेसावध असला की तो हाडांवर येतो.

रतनवाडीला अमृतेश्वराचे शिलाहारकालीन मंदिर आहे. दगडी कोरीवकाम आणि शेजारची पुष्करणी पाहात नाना बराच वेळ बसले. वर रतनगड दिसतो. प्रवरेचा उगम त्याच डोंगरात मानतात. येथपर्यंत सारे यथास्थित होते. निदान मला तसे वाटत होते.

न उघडलेली बाटली

रतनवाडी सोडून साम्रदकडे निघालो. ही फेऱ्यातली सर्वांत खडतर चाल. एका मोकळ्या वळणावर पाय मोकळे करायला थांबलो. नाना खाली उतरले, दोन पावले टाकली आणि गाडीच्या दाराला धरून उभे राहिले. चेहरा पांढुरका पडला होता. ‘डोळ्यांपुढे अंधारी आली,’ एवढे बोलले आणि गुडघ्यांतून सैल झाले. मुलाने मागून धरले म्हणून पडले नाहीत.

वाटेकडेला घोंगडी अंथरून त्यांना उताणे निजवले आणि पायांखाली बॅगा घालून पाय उंच केले. बोलणे स्पष्ट होते, दोन्ही हात सारखे उचलत होते, छातीत दुखत नव्हते. रक्तदाब घरच्या यंत्रावर मोजला तर वरचा आकडा ९६ आला. त्यांचा नेहमीचा आकडा १३० च्या घरात असतो. पाणी द्यावे म्हणून त्यांच्या पायाशी ठेवलेली बाटली उचलली, तर ती काठोकाठ भरलेली होती. झाकणाची सीलपट्टीही तुटली नव्हती. सकाळच्या अर्ध्या कप चहानंतर, उन्हात चार तास, त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब गेला नव्हता.

खालच्या खाचरात भाताची झोडणी चालली होती. तिथून एक आजी लगबगीने वर आल्या, काय झाले ते पाहिले, आणि काही न विचारता परत जाऊन मीठ घातलेल्या आंबिलीचा तांब्या घेऊन आल्या. ‘दमानं पाजा,’ म्हणाल्या. नाना घोट घोट आंबील प्याले. पंधरा मिनिटांनी पाणी, मग जलसंजीवनी. अर्ध्या तासाने रक्तदाबाचा वरचा आकडा ११८ झाला आणि चेहऱ्यावर रंग आला.

मला राग आला होता, आणि तो रागाहून अधिक भीतीचा होता. ‘नाना, पाणी का नाही प्यालात?’ असे मी जरा चढ्या आवाजातच विचारले. ते काही वेळ गप्प राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, ‘ताई, पाणी प्यालो की दर अर्ध्या तासाला थांबावे लागते. पोराला या चढणीवर गाडी उभी करायला त्रास. आणि थांबलो तरी, तू बरोबर. आडोसा कुठे शोधू?’

तेहतीस वर्षे दुसऱ्यांच्या शेतांना पाणी पोचवणारा माणूस संकोचापायी तहानलेला बसला होता, आणि मी त्यांच्या पायाशी बाटली ठेवून आपले कर्तव्य झाले असे समजत होते. वाचकहो, वृद्धांची काळजी घेणाऱ्यांना मला या प्रवासातली हीच गोष्ट सर्वांत आधी सांगायची आहे. लघवीची सोय केल्याशिवाय नुसते पाणी दिले, तर ते दिल्यासारखे होत नाही. वय वाढले की तहानेची जाणीव मुळातच मंदावते. त्यात संकोच मिसळला की शरीरातले पाणी केव्हा उतरते ते कळत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उभे राहताच दाब घसरतो आणि माणूस कोसळतो. औषधांच्या दुकानात पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी लघवीची वेगवेगळी भांडी मिळतात. एक चादर, गाडीच्या दोन उघड्या दारांमधला आडोसा आणि ‘आम्ही पलीकडे जाऊन उभे राहतो’ हे सहज स्वरातले वाक्य, एवढ्याने काम भागते. हे सारे मी घरी करू शकले असते. तासाला किती घोट पाणी, हेही ठरवता आले असते. मी केले नाही, ही चूक माझी.

कुलंग

आता मागे फिरावे की पुढे जावे? मला मागे फिरायचे होते. मुलाने हिशेब मांडला. मागे रतनवाडीवरून जावे किंवा पुढे घाटघरवरून, शेंडी जवळपास सारख्याच अंतरावर होती. आम्ही अजून अर्धा तास तिथेच थांबलो. पुन्हा रक्तदाब मोजला, आधी बसवून आणि मग उभे करून. दोन्ही आकडे ठीक आले. उभे केल्यावर आकडा पुन्हा घसरला असता, तर जो रस्ता लवकर पोचवील त्याने थेट राजूर गाठायचे, हे ठरलेले होते. मग नानांना विचारले. त्यांच्याविषयीचा निर्णय त्यांना वगळून घेण्याची चूक मला पुन्हा करायची नव्हती. ते म्हणाले, ‘चला. दर वीस मिनिटांनी मीच थांबा म्हणेन.’ आणि खरोखरच ते तसे म्हणत राहिले.

साम्रद मागे टाकले. सांधण दरीकडे जाणारी वाट आम्ही नुसती दाखवली, ती तरुण पायांची जागा. पुढे झाडी विरळ होऊन माळ उघडला आणि उत्तरेला काळ्या कातळाचे तीन डोंगर ओळीने उभे राहिले. अलंग, मदन आणि कुलंग. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर साचून हा दख्खनचा बेसाल्ट घडला. त्या थरांच्या पायऱ्या येथे उघड्या दिसतात. मुलाने गाडी सपाट जागी लावली. पाट ठेवला, नाना उतरले आणि घडीच्या खुर्चीवर बसले.

‘यांतला कुलंग कोणता?’ त्यांनी विचारले. आम्ही बोट केले. दारणा त्याच्याच पलीकडच्या, उत्तरेच्या उतारावर जन्म घेते.

ते बराच वेळ पाहात राहिले. मग बोलू लागले ते डोंगराविषयी नव्हे. चारीच्या पुच्छभागात रात्री कंदील घेऊन पाण्याची वाट पाहणारे शेतकरी, वरच्यांनी दारे फोडल्याने कोरडी राहिलेली पाळी, आणि एका वर्षी सुटलेले पाणी पोचलेच नाही म्हणून ज्यांचे तोंड चुकवून त्यांना जावे लागले ती माणसे. ‘लोक मला विचारायचे, पाणी कुठे अडले? मी तरी काय सांगणार. मी कधी हे पाहिलेच नव्हते.’ आईचे नाव त्यांनी दोन वर्षांनी प्रथमच आमच्यापाशी काढले. आवर्तनाच्या रात्री ती भाकरी बांधून देई आणि जागी राही, असे म्हणाले. मी काही बोलले नाही. मध्येच त्यांनी आपणहून बाटली उघडली.

घाटघरला कोकणकड्याच्या कठड्यापासून दूर, गाडीजवळच थांबलो. येथे अडीचशे मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प २००८ पासून चालतो. विजेची मागणी वाढली की वरच्या धरणातले पाणी खालच्या धरणात सोडून वीज करतात. मागणी कमी असताना तेच पाणी पुन्हा वर चढवतात. नानांना याचे फार कौतुक वाटले. ‘आमच्या वेळी पाणी खाली गेले की गेलेच,’ म्हणाले. दिवस मावळायच्या आत शेंडीला परतलो आणि फोन लागताच डॉक्टरांना सारे कळवले. त्यांनी त्या रात्रीची एक गोळी वगळायला सांगितली आणि परतल्यावर तपासणीस बोलावले.

परतीची वाट

तिसऱ्या दिवशी कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावावरून घाट उतरून घोटीच्या बाजूला आलो. घोटीच्या परिसरात दारणेच्या पुलाशी गाडी थांबवली. नाना कठड्याला हात टेकून खालचे पाणी पाहात उभे राहिले. मग सिन्नरमार्गे संध्याकाळी घरी आलो. डॉक्टरांच्या तपासणीत पाठ ठीक निघाली आणि रक्तदाबाच्या एका गोळीची मात्रा कमी झाली. अजूनही ‘कशाला आता?’ हे उत्तर पुष्कळदा येते. मात्र हल्ली ते संध्याकाळी गोदावरीच्या पुलापर्यंत जाऊन येतात, आणि पाण्याची बाटली काखोटीला असते.

आपण निघाल तेव्हा

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. पावसाळ्यात धुके, दरडी आणि निसरडे यांमुळे वृद्धांना या वाटेने नेऊ नये.

हाडांची घनता, रक्तदाब आणि औषधांच्या वेळा यांविषयी आधी डॉक्टरांशी बोलावे. मणका पूर्वी दबलेला असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा छातीत दुखत असेल, तर कच्ची वाट टाळावी.

मधुमेह असेल तर जेवणाची वेळ चुकवू नये आणि खडीसाखर हाताशी ठेवावी. इन्सुलिन उन्हात तापलेल्या गाडीत राहू देऊ नये.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर किरकोळ मारही दुर्लक्षू नये. डोक्याला मार लागल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.

जलसंजीवनीची पाकिटे जवळ ठेवावीत. ती नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पाणी आणि मीठ किती घ्यावे, ते डॉक्टरांना आधीच विचारावे.

धक्क्यानंतर पाठीत एकाएकी तीव्र कळ आली तर ‘उसण भरली’ म्हणून चोळत बसू नये. क्ष-किरण तपासणी करावी. बोलणे अडखळणे, एक बाजू लुळी पडणे, छातीत दुखणे किंवा शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही झाल्यास प्रवास तेथेच थांबवून संपर्क मिळताच १०८ वर फोन करावा.

आणि पाण्याची बाटली देताना दुसरी सोयही त्यांना आधीच दाखवून ठेवावी. मग वाटेत मध्ये मध्ये बाटली उचलून पाहावी, किती रिकामी झाली ते.